घाटवाटेवर मोटारीचा रेडिओ

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी "सर्वांच्या उपयोगी पडेल असे काही लिहा", अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. संस्थेचा इतिहास आणि देणगीदारांचा गौरव लिहिण्यास आमच्याहून अधिकारी मंडळी या अंकात आहेतच. आम्ही पडलो शाळेत विज्ञान शिकविणारे. तेव्हा रुग्णवाहिकेच्या चालकांनी आणि कित्येक सभासद कुटुंबांनी आम्हांस वेळोवेळी विचारलेल्या एका साध्या प्रश्नाचे उत्तर येथे सविस्तर द्यावे, असे ठरविले. प्रश्न असा : बेळगावात स्वच्छ ऐकू येणारा मोटारीतला रेडिओ जांबोटी मागे पडली की खरखरू का लागतो, आणि त्यावर काही इलाज आहे काय?

प्रश्न नुसत्या गाण्यांचा असता, तर त्यासाठी स्मरणिकेची पाने अडविण्याचे कारण नव्हते. पण आपल्या भागाचा पावसाळा कसा असतो, हे वाचकांस सांगावयास नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पुराचे पाणी चढून पुणे-बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरच्या बाजूस बंद पडला. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा झाडे कोसळून ठिकठिकाणी वीज गेली. अशा दिवशी कणकुंबीच्या रानात किंवा आंबोलीच्या वळणावर मोटार उभी असेल, तर हातातला मोबाइल पुष्कळदा मुका होतो; कारण त्याला काही किलोमीटरच्या आत चालू असलेला टॉवर लागतो. रेडिओचे तसे नाही. शंभर किलोमीटरवरच्या केंद्राचा आवाजही त्याला पुरतो. पुढचा रस्ता बंद आहे की नाही, पाऊस वाढणार की ओसरणार, हे रुग्ण घेऊन निघालेल्या चालकास कळणे किंवा न कळणे यात फार मोठे अंतर आहे.

लेखाचे सार आधीच सांगून ठेवतो. केंद्रापासून दूर गेल्यावर आपल्यापर्यंत पोचणारी रेडिओलहर अगदी थोडकी असते. ती वाढविणे आपल्या हाती नाही. हाती आहे ते इतकेच की, आलेली लहर वाया जाऊ द्यावयाची नाही आणि तिच्यात आपल्याच मोटारीचा गोंगाट मिसळू द्यावयाचा नाही. आवाजाचे बटण पिळून काही साधत नाही. त्याने गाणे वाढते तशी खरखरही वाढते. महागडा सेट घेऊनही पुष्कळदा साधत नाही. साधते ते तारेच्या आणि सांध्यांच्या निगराणीने.

लहरींचे दोन स्वभाव

मोटारीतल्या रेडिओवर मुख्यतः दोन पट्टे असतात. एक मीडियम वेव्ह, म्हणजे मध्यम लहरींचा; सेटवर त्याच्यापुढे 'ए. एम.' अशी अक्षरे असतात. आपल्याकडे तो ५३१ पासून १६०२ किलोहर्ट्‌झपर्यंत जातो. दुसरा एफ. एम. चा, तो सुमारे ८८ ते १०८ मेगाहर्ट्‌झचा. वडीलधाऱ्यांना 'किलोसायकल' हा शब्द आठवत असेल. त्यालाच आता किलोहर्ट्‌झ म्हणतात.

या दोहोंतला खरा फरक लांबीचा आहे. ३०० ला मेगाहर्ट्‌झच्या आकड्याने भागले की लहरीची लांबी मीटरमध्ये निघते. एफ. एम. वरचे १०० मेगाहर्ट्‌झचे केंद्र घेतले, तर लहर ३ मीटरची. धारवाडचे आकाशवाणी केंद्र १९५० साली सुरू झाले. ज्या ७६५ किलोहर्ट्‌झवर आपल्या घरोघरी ते वर्षानुवर्षे ऐकले गेले, ती लहर सुमारे ३९२ मीटर लांब. पणजीच्या १२८७ किलोहर्ट्‌झची लांबी सुमारे २३३ मीटर.

वर्गात हे समजाविताना आम्ही मुलांना तलावाचे उदाहरण देतो. पाण्यात रोवलेल्या खांबावर मोठी लाट आली, तर ती खांबाला वळसा घालून पलीकडे जुळते. बारीक तरंग आला, तर खांबामागे शांत पाण्याची पट्टी राहते. डोंगर आणि रेडिओलहर यांचेही असेच आहे. शेकडो मीटर लांबीची मध्यम लहर जमिनीला धरून चालते आणि टेकड्यांना वळसा घालते. तीन मीटरची एफ. एम. लहर जवळजवळ उजेडासारखी सरळ जाते. डोंगर आडवा आला की त्यामागे तिची सावली पडते. दाट, ओल्या झाडीतही ती थोडीफार शोषली जाते.

एफ. एम. ची पोच किती, हे ढोबळमानाने घरी मांडता येते. प्रक्षेपणाच्या मनोऱ्याची उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे. आपल्या एरिअलच्या उंचीचेही काढावे. दोहोंची बेरीज ४.१२ ने गुणावी. मनोरा १०० मीटर आणि एरिअल दीड मीटर उंच असेल, तर उत्तर सुमारे ४६ किलोमीटर येते. पण हे सपाट मुलखाचे गणित झाले. वडोदऱ्याकडील आपल्या आप्तांना ते बरेचसे लागू पडेल, आपल्याला नाही. चोर्ल्याचा माथा सुमारे ८०० मीटर उंच. तेथून किनाऱ्याकडे मोकळी दृष्टी असेल तेथे हेच गणित शंभर किलोमीटरच्या पुढे जाते. म्हणून माथ्यावर गोव्याचे एफ. एम. केंद्र खणखणीत लागते आणि केरीकडे चार वळणे उतरताच नाहीसे होते. सेट बिघडलेला नसतो. मध्ये डोंगराची सोंड आलेली असते. पुढे साखळीच्या बाजूस मुलूख मोकळा झाला की तेच केंद्र आपोआप परत येते.

दिवस निराळा, रात्र निराळी

मध्यम लहरींची आणखी एक गंमत आहे. दिवसा जी केंद्रे मुळीच ऐकू येत नाहीत, ती सूर्य मावळल्यावर येऊ लागतात. पृथ्वीच्या वातावरणात उंचावर विद्युत्‌भारित थर आहेत. असा थर असावा, हा तर्क १९०२ साली अमेरिकेत केनेली यांनी आणि इंग्लंडात हेविसाइड यांनी स्वतंत्रपणे मांडला. १९२४ साली अ‍ॅपलटन यांनी प्रयोगाने तो सिद्ध केला. त्यांना पुढे १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दिवसा सर्वांत खालचा थर मध्यम लहरींना गिळून टाकतो. सूर्य गेला की तो थर विरतो, आणि वर गेलेल्या लहरी त्याहून उंच असलेल्या थरांवरून परत फिरून शेकडो किलोमीटर दूर उतरतात.

रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी चंद्र दिसल्याची बातमी कळावी म्हणून घरातली सगळी मंडळी रेडिओला कान लावून बसत. ही नेमकी तीच वेळ, जेव्हा मध्यम लहरींचा रंग पालटत असतो. एक केंद्र आत, एक बाहेर, आवाज फुगतो आणि ओसरतो, लहान मुले म्हणत, "रेडिओ श्वास घेतो आहे." त्याचे कारण असे की, जमिनीवरून आलेली आणि आकाशातून उतरलेली अशा दोन लहरी एकाच वेळी एरिअलवर पोचतात, कधी त्या एकमेकींस साथ देतात, तर कधी एकमेकींना खोडून काढतात.

प्रवाशाने यातून घ्यावयाचा बोध असा. दिवसा घाटात जवळचे मध्यम लहरींचे केंद्र भरवशाचे. संध्याकाळी ते डळमळू लागले, तर सेटला दोष न देता थोडा धीर धरावा. काही मिनिटांत ते पुन्हा जोर धरते किंवा दुसरे दूरचे केंद्र लागते. एफ. एम. वर मात्र दिवस-रात्रीचा असा फरक सहसा पडत नाही.

एरिअल : अर्धे काम येथेच

बाहेरून आलेली थोडकी लहर गोळा करणारी ओंजळ म्हणजे एरिअल. एफ. एम. ची लहर ३ मीटरची, तिचा पाव हिस्सा ७५ सेंटिमीटर. जुन्या गाड्यांच्या बॉनेटजवळची उभी काठी साधारण एवढीच का असते, ते आता ध्यानात येईल. एफ. एम. साठी ती सुमारे एवढी ठेवावी. मध्यम लहरींसाठी जितकी लांब तितकी बरी. घडीची काठी असेल, तर ती पूर्ण ओढावी. काठी शक्यतो उभी असावी. छताच्या मध्यावर, भोवती सर्व बाजूंनी पत्रा असलेली जागा सर्वांत उत्तम. कारण खालचा पत्रा हा एरिअलचा दुसरा अर्धा भागच असतो.

नव्या गाड्यांत छतावर माशाच्या कल्ल्यासारखा एक लहानसा उंचवटा असतो, किंवा मागच्या काचेत बारीक तारा ओढलेल्या असतात. एवढ्या आखूड एरिअलला लहर पुरत नाही, म्हणून त्याच्या बुडाशी एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर बसविलेला असतो आणि त्याला सेटकडून बारा व्होल्टचा पुरवठा लागतो. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावयाची आहे. मूळचा सेट काढून बाजारातला नवा बसविताना ही पुरवठ्याची वायर, जी नव्या सेटवर बहुधा निळी असते, पुष्कळदा जोडावयाची राहून जाते. सेट चालू होतो, गावात उत्तम वाजतो, सर्व जण समाधानी असतात. गाव सुटल्यावर मात्र काही ऐकू येत नाही. "नवीन सेट घेतला आणि रेडिओ बिघडला" अशी तक्रार ऐकली की आम्ही प्रथम या वायरीची चौकशी करतो. काही गाड्यांत हा पुरवठा एरिअलच्याच वायरीतून जातो. तेथे त्यासाठी मिळणारा जोड मध्ये घालावा लागतो. मिस्त्रीस एवढे विचारावे : "एरिअलच्या अ‍ॅम्प्लिफायरला करंट दिला आहे का?"

काचेवर धातूचा अंश असलेली उन्हाची फिल्म चिकटविलेली असली आणि एरिअल काचेत किंवा गाडीच्या आत असले, तर ती फिल्म लहरीला अडविते. गाडी थंड राहते आणि रेडिओही थंडावतो.

आता सांध्यांकडे वळू. एरिअलच्या बुडाचा गाडीच्या पत्र्याशी स्वच्छ धातूचा स्पर्श असावा लागतो. यालाच अर्थिंग म्हणतात. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि गोव्याच्या बाजूस खारी हवा. बुडाखाली गंज धरतो, पाणी झिरपून वायरीच्या जाळीत उतरते, आणि जाळी हिरवी पडते. काठी वरून चकचकीत दिसते, पण गोळा केलेली लहर सेटपर्यंत पोचतच नाही. उपाय स्वस्त आहे. बूड उघडावे, पॉलिशपेपरने पत्रा घासून उजळ करावा, घट्ट आवळावे, वरून थोडे ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावावी आणि रबराची चकती फाटली असल्यास बदलावी. सेटच्या मागचा एरिअलचा प्लगही खाचखळग्यांतून गाडी गेल्याने सैल होतो. तो दाबून बसवावा.

ज्यांच्या घरी वायरमनचे मीटर आहे त्यांनी दोन मापे घ्यावीत. वायर सेटमधून काढून, तिच्या बाहेरच्या जाळीपासून गाडीच्या पत्र्यापर्यंत रोध जवळजवळ शून्य ओहम यावा. साध्या काठीच्या एरिअलमध्ये आतली तार आणि बाहेरची जाळी यांच्यात मात्र काहीही जोड दिसू नये. तेथे जोड दिसला, तर वायरीत पाणी शिरले आहे किंवा ती चिरडली आहे असे समजावे आणि ती बदलावी. अ‍ॅम्प्लिफायरच्या एरिअलला हे दुसरे माप लागू नाही.

आपल्याच मोटारीचा गोंगाट

हाइनरिख हर्ट्‌झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८८८ च्या सुमारास रेडिओलहरी प्रथम निर्माण केल्या, त्या विजेच्या ठिणगीने. पेट्रोलच्या इंजिनात प्लगची ठिणगी दर मिनिटास हजारो वेळा पडते. म्हणजे प्रत्येक स्पार्क प्लग हे हर्ट्‌झच्या यंत्राचे लहानसे भावंडच होय; आणि ते रेडिओपासून हातभर अंतरावर बसलेले असते. अमेरिकेत गॅल्विन यांच्या कंपनीने १९३० साली 'मोटोरोला' नावाने मोटारीचे रेडिओ विकावयास काढले, तेव्हा सेट तयार करण्याइतकाच या ठिणगीचा बंदोबस्त करणे हाही मोठा खटाटोप होता. आज रोध असलेले प्लग आणि वायरी मिळतात. त्या जागी साधे प्लग कोणी बसविले, तर रेडिओत टकटक सुरू होते. डिझेलच्या गाडीत ठिणगीच नाही. तेथे हा प्रश्न उद्भवत नाही.

दुसरा गोंगाट अल्टरनेटरचा. त्याची खूण अशी की, इंजिन जोरात फिरविले की शिट्टीसारखा आवाज चढत जातो आणि सोडले की उतरतो. सेटची अर्थिंग सैल असणे हे याचे नेहमीचे कारण. ती सुधारूनही राहिला, तर सेटच्या पुरवठ्यात फिल्टर घालून घ्यावा.

आजकालच्या गाड्यांत मात्र मोठे अपराधी निराळे आहेत. सिगारेट लायटरच्या भोकात खुपसलेला मोबाइलचा स्वस्त चार्जर, काचेवरचा कॅमेरा आणि वरून बसविलेले एल. ई. डी. दिवे, हे तिघे. यांच्या आत वीज दर सेकंदास हजारो वेळा तोडली-जोडली जाते. त्यातून निघणारी खरखर गावात जोरदार केंद्राखाली झाकून जाते. रानात केंद्राचा आवाज बारीक झाला की ती वर येते. सभासदांनी एक प्रयोग अवश्य करून पाहावा. गाव सोडून मोकळ्या माळावर गाडी उभी करावी. इंजिन बंद ठेवून फक्त रेडिओ चालू करावा आणि मुद्दाम एखादे अंधुक केंद्र लावावे. मग एकेक वस्तू चालू करीत जावे : आधी इंजिन, मग दिवे, वायपर, पंखा, कॅमेरा, शेवटी चार्जर. ज्या क्षणी खरखर वाढेल, तो चोर सापडला. चार्जर असेल तर तो काढून ठेवावा, किंवा चांगल्या बनावटीचा घ्यावा. कॅमेरा असेल तर त्याची वायर एरिअलच्या वायरीपासून दूर न्यावी आणि वायरीवर फेराइटची कडी बसवावी. या प्रयोगास अर्धा तास लागतो आणि पैसा एकही लागत नाही.

आपल्या हाती नसलेलाही एक गोंगाट आहे : रस्त्यालगतच्या उच्च दाबाच्या तारांचा. तो मध्यम लहरींवर घरघरीसारखा ऐकू येतो. त्यास इलाज एकच, पुढे निघावे.

सेटवरची दुर्लक्षित बटणे

पुष्कळ सेटवर 'एल. ओ. सी.' किंवा 'लोकल' असे एक बटण असते. ते दाबलेले असले की सेट फक्त जवळची जोरदार केंद्रे धरतो. शहरात हे सोयीचे, रानात घातक. घाटात निघण्यापूर्वी ते बंद असल्याची खात्री करावी. लहान मुलांच्या बोटांनी ते केव्हा दाबले जाईल याचा नेम नसतो.

दुसरे बटण स्टीरिओ आणि मोनोचे. स्टीरिओ ऐकण्यासाठी एफ. एम. ची लहर मोनोपेक्षा कितीतरी जोरदार लागते. तितकीच शांतता हवी असेल, तर सुमारे शंभरपट. बातमी ऐकावयास दोन कानांना दोन निराळे आवाज कशास हवेत? खरखर सुरू होताच मोनो करावे. पुष्कळ सेट हे आपण होऊन करतात. ज्यांचे करीत नाहीत, त्यांना हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे आपोआप केंद्र शोधणारे बटण. ते बारीक आवाजाची केंद्रे ओलांडून पुढे जाते आणि मग "येथे काहीच लागत नाही" असा समज होतो. रानात केंद्र हातानेच लावावे. त्याहून बरे, निघण्यापूर्वी घरीच वाटेवरच्या केंद्रांचे आकडे सेटच्या स्मरणात भरून ठेवावेत आणि एका कागदावर लिहून तो गाडीत ठेवावा.

वाटेत असताना

चालकाने गाडी चालविताना सेटशी खेळू नये. हे काम शेजारी बसलेल्याचे. चालक एकटाच असेल, तर वळण टाळून, रस्त्याबाहेर सुरक्षित जागा पाहून थांबावे.

चालत्या गाडीत एफ. एम. फडफडते, त्याचे कारण डोंगरांवरून परावर्तित होऊन आलेल्या लहरी. सरळ आलेली आणि उलटून आलेली अशा दोन लहरी मिळून रस्त्यावर जागोजागी आवाजाचे खड्डे तयार होतात, साधारण दीड दीड मीटरवर. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदास जवळजवळ १७ मीटर जाते. म्हणजे सेकंदास दहा-अकरा खड्डे. तीच ती फडफड. म्हणूनच थांबल्यावर एफ. एम. अगदीच ऐकू येत नसेल, तर हताश होऊ नये. गाडी हात-दोन हात पुढे किंवा मागे घ्यावी. कित्येकदा तेवढ्याने बातमीपत्र स्पष्ट होते. दरीच्या तळाशी थांबण्यापेक्षा खिंडीत किंवा माथ्यावर थांबणे केव्हाही बरे.

लोखंडी पुलावर किंवा पुलाखाली मध्यम लहरी एकाएकी बंद पडतात आणि एफ. एम. चालू राहते. याचेही कारण लांबीच. तीन मीटरची लहर पुलाच्या मोकळ्या जागेतून आत शिरते, तीनशे मीटरची शिरू शकत नाही. बोगद्यात मात्र दोन्ही थकतात.

गाडी कोठे अडकून पडली आणि रात्र काढावयाची झाली, तर मध्यम लहरींसाठी एक जुनी युक्ती आहे. पाच-दहा मीटर साधी वायर घेऊन तिचे एक टोक एरिअलच्या काठीस गुंडाळावे आणि दुसरे झाडाच्या फांदीस बांधावे. अंधुक केंद्र पुष्कळ वर येते. पण विजेच्या तारांच्या आसपास हे कदापि करू नये, आणि आकाशात वीज चमकू लागली की वायर ताबडतोब काढावी. गाडीत सेलवर चालणारा एक लहान ट्रान्झिस्टर असावा, असाही आमचा आग्रह आहे. त्याच्या आत मध्यम लहरींसाठी फेराइटची कांडी असते. सेट आडवा धरून सावकाश फिरविला, की एका दिशेस आवाज सर्वांत मोठा होतो. मोटारीचा पत्रा लहरींना अडवितो, म्हणून तो खिडकीशी किंवा बाहेर धरावा. सेल मात्र वेगळे ठेवावेत, नाहीतर पावसाळ्यात ते आत पाझरून सेट खातात.

बदललेले दिवस

येथवर सांगितलेले शास्त्र शंभर वर्षांत बदललेले नाही. मात्र केंद्रे आणि गाड्या बदलत आहेत, तेही ध्यानात ठेवले पाहिजे. अलीकडच्या वर्षांत आकाशवाणीची काही जुनी मध्यम लहरींची प्रक्षेपणे थांबली. दुसऱ्या बाजूस २८ एप्रिल २०२३ रोजी देशात एकाच दिवशी ९१ नवी एफ. एम. प्रक्षेपके सुरू झाली. ती प्रत्येकी १०० वॉटची असल्याने त्यांचा पल्ला आपापल्या तालुक्यापुरताच आहे. वाडवडिलांनी सांगितलेला आकडा आज चालू असेलच असे नाही. म्हणून दर पावसाळ्यापूर्वी आपल्या वाटेवर काय ऐकू येते, ते प्रत्यक्ष जाऊन ताडून पाहावे.

आकाशवाणीने मध्यम लहरींवरच डी. आर. एम. नावाचे अंकीय प्रक्षेपणही सुरू केले, आणि आपल्या देशातील काही गाड्यांत त्याचे सेट मुळातच बसविलेले येतात. त्यात खरखर नसते; पण लहर ठराविक मर्यादेखाली गेली की आवाज हळूहळू न विरता एकदम तुटतो. तेव्हा एरिअलची निगा तेथेही चुकत नाही.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांचा प्रश्न निराळा. त्यांच्या मोटारीला वीज पुरविणारे यंत्र मध्यम लहरींच्या पट्ट्यात मोठा गोंगाट करते. म्हणून काही कंपन्यांनी अशा गाड्यांतून हा पट्टाच काढून टाकला. अमेरिकेत फोर्ड कंपनीने नव्या गाड्यांतून तो काढण्याचे ठरविले होते; परंतु संकटकाळचे इशारे लोकांपर्यंत पोचावेत, या कारणास्तव मे २०२३ मध्ये तिने तो निर्णय मागे घेतला. एवढ्या पुढारलेल्या देशातही आणीबाणीच्या वेळी जुन्या मध्यम लहरींचे मोल लोकांना पटले. आपल्यापैकी जे नवी गाडी घेणार असतील, त्यांनी विक्रेत्यास हा एक प्रश्न अवश्य विचारावा : "यात मीडियम वेव्ह आहे काय?"

शेवटची विनंती

वरील सर्व गोष्टी एका दिवसात होण्यासारख्या आहेत. मृग नक्षत्र जूनच्या पहिल्या आठवड्यात लागते. त्यापूर्वीचा एक रविवार यासाठी राखून ठेवावा. एरिअलचे बूड उघडून घासावे. वायर व प्लग तपासावा. निळ्या वायरीची चौकशी करावी. माळावर जाऊन गोंगाटाचा चोर शोधावा. 'लोकल'चे बटण बंद करावे. केंद्रांचा कागद नव्याने लिहून आरशामागे खोचावा. ट्रस्टच्या रुग्णवाहिकेपासून या कामास आरंभ व्हावा, असे आम्ही कार्यकारी मंडळास सुचवितो. आमच्या शाळेतील वरच्या वर्गातील मुलामुलींना मीटर हाती देऊन या कामास आणण्याची जबाबदारी आम्ही घेतो. पुस्तकातले लहरींचे प्रकरण त्यांना त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळेल.

ज्या संस्थेने पन्नास वर्षे दूरच्या वाड्यावस्त्यांपर्यंत औषध, पुस्तक आणि आधार पोचविला, तिच्या गाडीस दूरवरून आलेला शब्द ऐकू यावा, ही अपेक्षा फार मोठी नव्हे. घाटात रात्री पाऊस कोसळत असताना, "पुढील रस्ता बंद आहे, वाहनांनी परत फिरावे" एवढे एक वाक्य वेळेवर कानी पडले, तरी या रविवारचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.